कॅलिफोर्निया डेल्टात कयाकवरून स्ट्रायपरची मासेमारी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

फ्रीमाँट, डब्लिन, सॅन रमोन, माउंटन हाउस या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपासून तासा-दीड तासावर कॅलिफोर्निया डेल्टा हा प्रचंड खाडीप्रदेश पसरलेला आहे. बहुतेकांनी तो अँटिऑकच्या पुलावरून, गाडीच्या काचेतूनच पाहिलेला असतो. सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या इथे एकमेकींना मिळतात आणि सुइसून बे, कार्किनेझची सामुद्रधुनी असं करत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात जातात. मधल्या प्रदेशात सुमारे १,१०० मैल लांबीचे बांध, त्यांच्या आत शेतीची बेटं आणि बेटांमधून फिरणारे शेकडो मैलांचे जलमार्ग. हे बांध घालून जमीन कोरडी केली, पण माती पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. ती हवेशी संपर्क आल्यावर कुजत आणि खचत गेली, त्यामुळे काही बेटांची जमीन आज समुद्रपातळीच्या १५ ते २५ फूट खाली आहे. गोव्यातली खाजन शेती पाहिलेल्या माणसाला बांधाच्या एका बाजूला वरच्या पातळीवर पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली शेत हे दृश्य ओळखीचं वाटेल.

या पाण्यात स्ट्राइप्ड बास राहतो. इथले गळवाले त्याला स्ट्रायपर म्हणतात. अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा, चांदीसारखी बाजू, भक्कम शेपूट. तो मूळचा इथला नाही. १८७९ मध्ये न्यू जर्सीच्या नॅव्हसिंक नदीतून लहान स्ट्रायपर आगगाडीने देशाच्या या टोकापर्यंत आणले आणि त्यातले १३२ मार्टिनेझजवळ सोडले. १८८२ मध्ये आणखी सुमारे ३०० आले. दहा वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात विकायला येऊ लागला, इतका फोफावला. १९३५ पासून मात्र त्याची व्यावसायिक मासेमारी बंद आहे. तो पकडायचा तो हौसेसाठी आणि घरच्या ताटासाठी, विकायचा नाही.

कोकणातल्या वाचकांनी याची तुलना जिताड्याशी करून पाहावी. दोघेही गोड्या आणि खाऱ्या पाण्यात सहज फिरतात, दोघेही दबा धरून शिकार करतात. पण जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. स्ट्रायपर उलट नदीत वर चढतो. शरद ऋतूत तो उपसागरातून डेल्टात शिरतो, थंडी इथे काढतो आणि साधारण एप्रिल ते जून सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीनमध्ये अंडी घालतो. त्यानंतर बरेच मोठे मासे पुन्हा उपसागर आणि समुद्राकडे जातात, लहान मात्र वर्षभर डेल्टात सापडतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: पहिला हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हाच धरा. मासे आत येत असतात, पाणी अजून फार थंड झालेलं नसतं आणि उन्हाळ्यातला वारा ओसरलेला असतो. वसंतात मासे मोठे मिळतात हे खरं, पण तेव्हा पाणी थंड, प्रवाह जोराचा आणि वारा लहरी. डिसेंबर-जानेवारीत सेंट्रल व्हॅलीचं टूली धुकं उतरतं, त्यात वीस फुटांवरचं दिसत नाही. धुक्यात कयाक पाण्यात घालू नका.

आधी कागद

वय १६ किंवा जास्त असेल तर कॅलिफोर्नियाच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाचा मासेमारी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो आणि २०२३ पासून घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो. एकाच वेळी दोन रॉड लावायचे असतील तर वेगळी दुसऱ्या रॉडची परवानगी घ्यावी लागते. नवख्याला कयाकवर एकच रॉड पुरे. डेल्टात स्ट्रायपरचा अनेक वर्षं चालत आलेला नियम आहे किमान लांबी १८ इंच आणि दिवसाला दोन मासे. नियम बदलण्याच्या चर्चा अधूनमधून होतात, म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा. त्याच पाण्यात स्टर्जन आणि सामन हेही असतात आणि त्यांचे नियम फार कडक आहेत. ते चुकून लागले तर पाण्याबाहेर न काढता सोडून द्या.

वल्ह्याच्या किंवा पेडलच्या कयाकला नोंदणी लागत नाही. पण तिला छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवलीत की कायद्याने ती मोटरबोट झाली. मग डीएमव्हीची नोंदणी आणि चालवणाऱ्याकडे बोटर कार्ड, दोन्ही हवं.

कयाक आणि अंगावरचं सामान

वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप कयाक घ्या. १० ते १२ फूट लांब आणि ३० इंचांहून जास्त रुंद. आत पाय घालून बसायची कयाक उलटली की तिच्यात पाणी भरतं. सिट-ऑन-टॉपमध्ये पाणी छिद्रांतून आपोआप निघून जातं आणि परत चढता येतं. पेडलची कयाक महाग असते, पण तिच्यावर हात मोकळे राहतात. पैसे मोजताना हात आखडत असेल तर जुनी वल्ह्याची कयाक घ्या आणि वाचलेले पैसे लाइफ जॅकेटवर खर्च करा.

लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मागे बांधून ठेवायचं नाही. कायद्याने प्रत्येकासाठी एक जॅकेट सोबत असावं लागतं आणि १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलंच असावं लागतं. पण पाण्यात पडलेल्या मोठ्या माणसाला मागे बांधलेलं जॅकेट सापडेपर्यंत उशीर झालेला असतो. जॅकेटला शिट्टी आणि छोटी सुरी अडकवा. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, तोही अंगावर. कयाक वाहून गेली तर तिच्या डब्यातला फोन काय कामाचा? जमल्यास हातातला व्हीएचएफ रेडिओ ठेवा, चॅनेल १६ वर मदत मागता येते. वल्हं दोरीने कयाकला बांधा.

कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. जानेवारीत इथलं पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. एवढ्या थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप खेचला जातो आणि तोंडात पाणी जातं. बुडण्याची कारणं दमण्याआधीच इथे सुरू होतात. ६० अंशांखाली वेटसूट हवाच. जीन्स आणि सुती शर्ट कधीच नको.

आणि एक काम माशाआधीचं: उन्हाळ्यात एखाद्या उबदार, उथळ तळ्यावर जाऊन मुद्दाम उलटा पडा. कयाक सरळ करा, तिच्या मध्यावर या, दोन्ही हात पलीकडच्या कडेवर ठेवा, पाय पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे येईपर्यंत मारा आणि पोटावर घसरत चढा. मग कुशीवर वळा, बसा, शेवटी पाय आत. हे जमेपर्यंत डेल्टा नको. सोबत कुणी असेल तर त्यालाही हे करायला लावा.

पाणी कसं वाचायचं

डेल्टातला दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर आखायचा. नवा माणूस मासा कुठे आहे ते विचारतो. त्याने विचारायला हवं ते हे: पाणी कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला आणि किती जोरात चाललं असेल? याचं उत्तर मिळालं की मासा कुठे असेल ते बरंचसं आपोआप कळतं, आणि तुम्ही घरी सुखरूप याल की नाही तेही.

डेल्टात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, चढउतार साधारण तीन-चार फुटांचा. दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी आणि एक लहान. नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागरी आणि हवामान संस्थेच्या, संकेतस्थळावर वेळा मिळतात, पण तुम्ही जिथे उतरणार त्या जागेच्या वेळा पाहा. गोल्डन गेटची भरती अँटिऑकला काही तासांनी पोचते आणि स्टॉक्टनला त्याहूनही उशिरा. दुसरी गोष्ट बरेच लोक चुकवतात. पाण्याची उंची सर्वात जास्त झाली म्हणजे प्रवाह थांबला असं नाही. उंची उतरायला लागल्यावरही पाणी बराच वेळ आतच वाहत असतं. म्हणून उंचीच्या तक्त्यासोबत प्रवाहाचा तक्ता, म्हणजे करंट्स, वेगळा पाहा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरदार असतो, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात सौम्य. सुरुवातीच्या फेऱ्या भांगाच्या दिवसांत करा. आरामात वल्हवणारा माणूस ताशी तीन मैलांच्या आसपास जातो. प्रवाह दोन मैलांचा असेल तर त्याच्याविरुद्ध तुम्ही तासाला एकच मैल पुढे सराल. यातून एक नियम निघतो आणि तो मोडू नये: जाताना प्रवाहाविरुद्ध जा, येताना प्रवाहाबरोबर या. ताकद शाबूत असताना कष्टाचं काम, दमल्यावर सोपं.

आता वारा. उन्हाळ्यात सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर उठते आणि समुद्रावरची थंड हवा कार्किनेझच्या अरुंद फटीतून आत ओढली जाते. यालाच डेल्टा ब्रीझ म्हणतात. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी दुपारनंतर ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वाऱ्याने उसळू लागतं. शर्मन आयलंडला वाऱ्यावर पतंग बांधून पाण्यावर घसरणारे लोक याच वाऱ्यासाठी येतात. तुमच्यासाठी ती जागा नाही.

वारा पश्चिमेकडून येतो. ओहोटीचं पाणी पश्चिमेकडे जातं. दोन्ही समोरासमोर भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ येणाऱ्या होतात, आणि कयाक उलटवायला त्याच पुरेशा असतात. म्हणून दुपारची ओहोटी आणि वारा असा योग असेल तर मुख्य पात्रात राहू नका. पहाटे उतरा, अकराच्या आत परत या. दिवसभराच्या अंदाजात ताशी दहा मैलांहून जास्त वारा दिसत असेल तर नवख्याने आडोशाच्या पाण्यातच राहावं. पंधराच्या पुढे असेल तर घरी राहावं. हा आकडा मी कुणासाठीही सैल करत नाही.

मोठी जहाजं हा तिसरा विषय. स्टॉक्टन आणि वेस्ट सॅक्रामेंटो इथे खरीखुरी बंदरं आहेत आणि समुद्रावरची मालवाहू जहाजं याच नद्यांतून वर जातात. ती थांबू शकत नाहीत, वळूही शकत नाहीत. लाल-हिरव्या बोयांच्या मधला मार्ग पटकन आणि काटकोनात ओलांडा, तिथे थांबून गळ टाकू नका. जहाजाची लाट आली की कयाकचं टोक तिच्याकडे वळवा.

कुठे उतरायचं

ओकलीजवळचं बिग ब्रेक ही पहिली जागा म्हणून मला सर्वात पसंत आहे. १९२८ मध्ये बांध फुटून इथलं शतावरीच्या कोंबांचं शेत पाण्याखाली गेलं आणि ते कायमचंच पाण्याखाली राहिलं. आज तिथे ईस्ट बे रीजनल पार्कचं उद्यान आहे, कयाक उतरवायची सोय आहे आणि मुख्य नदीपासून आडोसा आहे. कयाकची चाकं सोबत न्या. उथळ पाण्याच्या कडेला टूली वाढते, आपल्या लव्हाळ्यांसारखी पण माणसापेक्षा उंच. तिच्या टोकांशी आणि नदीकडे उघडणाऱ्या तोंडांशी मासे उभे राहतात.

हात बसल्यावर हायवे १६० वरचं ब्रॅनन आयलंड, वॉलनट ग्रोव्हच्या बाजूच्या छोट्या वाटा असं पुढे जा. इथे लहान फाट्यांना स्लू म्हणतात. बेथेल आयलंडजवळचं फ्रँक्स ट्रॅक्ट हे दुसरं बुडालेलं बेट. स्ट्रायपरसाठी नावाजलेलं, पण उघडं आणि पाणवनस्पतींनी भरलेलं. त्याला लागून असलेल्या फॉल्स रिव्हरमध्ये प्रवाह फार जोरात असतो, नवख्याने तिथे जाऊ नये. बांधावर कुठेही चढून बसायचा मोहही टाळा. पुष्कळ जमीन खासगी आहे आणि दगडी उतारावर कयाक फुटते.

गळ आणि लुअर

सात फुटी, मध्यम ते किंचित भारी रॉड, ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग रीळ, २० ते ३० पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे तीनेक फूट २० पौंडांचा फ्लोरोकार्बन. एवढ्यात वर्षं निघतात. लुअर म्हणजे नकली मासा, तीन-चार प्रकारचे पुरेत: सहा ते दहा फूट खाली जाणारा ओठवाला प्लग, पोटात खडे खुळखुळणारा बिनओठाचा प्लग, चार-पाच इंचांचा रबरी स्विमबेट आणि पाण्यावर डोलत चालणारा एक. रंगांची चिंता फार करू नका. इथला मुख्य चारा थ्रेडफिन शॅड, म्हणजे चांदीसारखा लहान मासा. त्याच्या जवळ जाणारं काहीही चालतं.

तिहेरी गळ काढून एकेरी लावा आणि पकडीने गळाच्या टोकाचा उलटा काटा दाबून टाका. कयाकवर मासा तुमच्या मांडीपासून फूटभर अंतरावर उसळतो. तिहेरी गळाचं एक टोक त्याच्या तोंडात आणि दुसरं तुमच्या हातात, अशी वेळ येऊ नये.

नांगर पहिल्या वर्षी वापरूच नका. वाहत्या पाण्यात बाजूला बांधलेला नांगर कयाकची कड खाली खेचतो आणि क्षणात तिला उलटवतो. पुढे कधी वापराल तेव्हा तो फक्त टोकाला, आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने.

मासा शोधणं आणि काढणं

पहिला मासा बहुधा ट्रोलिंगने मिळतो, म्हणजे कयाकमागे लुअर ओढत नेऊन. ओठवाला प्लग साठ-सत्तर फूट मागे सोडा आणि रॉड पुढच्या होल्डरमध्ये, टोक डोळ्यांसमोर राहील असा ठेवा. उथळ पाणी जिथे आठ फुटांवरून पंधरा-वीस फुटांवर उतरतं त्या काठाला धरून ताशी अडीच ते तीन मैलांनी चला. टोक एका लयीत थरथरत असेल तर लुअर नीट पोहत आहे. थरथर थांबली तर गवत अडकलं, काढून साफ करा. मधूनच वेग वाढवा, मग क्षणभर वल्हवणं थांबवा. या बदलावर मासा बऱ्याचदा झेपावतो.

ओहोटीत पाणी उथळ भागातून बाहेर निघतं आणि छोटे मासे सोबत ओढले जातात. स्ट्रायपर त्या तोंडाच्या बाहेर, प्रवाहाच्या कडेला उभा राहतो. तिथे प्रवाह मंद असतो पण खाणं समोरून येतं. म्हणून ओहोटीत स्लूच्या तोंडाबाहेर, तुटलेल्या बांधाच्या खिंडीच्या बाजूला आणि जुन्या खांबांच्या आडोशाला गळ टाका. भरतीत तोच मासा आतल्या काठांकडे सरकतो. प्रवाह पूर्ण थांबला की चावेही थांबतात. तेव्हा डबा उघडून पोळीभाजी खा. नुसतं पाणी पाहून कंटाळा आला तर पक्षी पाहा. सीगल आणि टर्न एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली स्ट्रायपरच्या थव्याने शॅडना वर ढकललेलं असतं. त्या घोळक्याच्या मध्ये कयाक घातलीत तर सगळं मिटेल. कडेला थांबून लांबून टाका.

रॉड वाकला की घाईने झटका देऊ नका. आणखी दोन-तीन वल्ही मारा, गळ नीट बसेल. मग वल्हं मांडीवर ठेवून रॉड उचला. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी सोडणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव भागाइतका ठेवलेला असावा. स्ट्रायपर पहिली धाव जोरात मारतो, कयाक ओढतही नेतो. नेऊ द्या, त्यातच तो दमतो. फक्त रॉडचं टोक कयाकच्या पुढच्या भागाकडे ठेवा. मासा बाजूला गेला आणि तुम्ही त्याच्याकडे झुकलात तर तोल जाईल. जवळ आला की रबरी जाळ्यात डोक्याच्या बाजूने घ्या. दातांची भीती नाही, खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. कल्ल्याच्या झाकणाची कड आणि पाठीवरचे काटे मात्र कापतात, ओला हातमोजा घाला.

तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सर्वात लांब टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा. कयाकवर कायमची पट्टी चिकटवून ठेवली तर हे पटकन होतं. १८ इंचांपेक्षा कमी असेल तर लगेच सोडा. फार मोठी मादी लागली तर मी तिला सोडतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. मादी पक्व व्हायलाच चार-पाच वर्षं लागतात आणि मोठ्या मादीच्या पोटात अंडी कितीतरी जास्त असतात. सोडताना पाण्यात सरळ धरा, शेपूट स्वतः हलवून निघेपर्यंत.

खायला ठेवणार असाल तर कल्ल्यापाशी कापून रक्त काढा आणि ताबडतोब बर्फात घाला. किनाऱ्यावर येईपर्यंत मासा अख्खाच ठेवा, म्हणजे मापाचा प्रश्न उरत नाही. घरी कातडं काढल्यावर बाजूने लालसर मांसाची पट्टी दिसते, ती कापून टाका. उग्र वास तिचाच असतो. उरलेलं मांस पांढरं आणि घट्ट. रव्यात घोळवून तळायला उत्तम, आणि कोकम घातलेल्या कालवणात तुकडे फुटत नाहीत.

पण वारंवार खायचा हा मासा नाही. सोन्याच्या शोधाच्या काळात सिएराच्या खाणींत सोनं वेगळं करायला पारा वापरला, तो वाहत खाली आला आणि डेल्टाच्या गाळात बसला. लहान माशांतून तो मोठ्यांत साठतो. राज्याच्या पर्यावरणीय आरोग्य धोका मूल्यांकन कार्यालयाचे (ओईएचएचए) पाणी आणि मासा यानुसार तक्ते आहेत. मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठीचा सल्ला जास्त कडक आहे. घरात तसं कुणी असेल तर ताट वाढण्याआधी तो तक्ता वाचा.

घरी आल्यावर

ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉक्टन बंदरात गोल्डन मसल नावाचा सोनेरी शिंपला सापडला. उत्तर अमेरिकेतली ती पहिली नोंद. हा शिंपला पाइप आणि पंप बुजवतो आणि त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून डेल्टातून आल्यावर कयाक, वल्हं, चाकं, बूट, जाळं सगळं धुवा. पोटातलं पाणी बूच उघडून पूर्ण काढा. पाण्याची छिद्रं आणि पेडलची यंत्रणा यांत अडकलेलं गवत बोटांनी काढा आणि सगळं उन्हात पूर्ण वाळवा. अनेक जलाशयांवर आता तपासणी आणि ठरावीक दिवस कयाक कोरडी ठेवण्याची अट आहे. पुढच्या शनिवारी मुलांना एखाद्या तलावावर न्यायचं ठरत असेल तर तिथला नियम आधी पाहा, नाहीतर फाटकावरूनच परत यावं लागेल.